घड्याळ लॉकरमध्ये, अंग कारखान्यात : मनगटावरचे आकडे कसे वाचायचे?

वर्षावासातला एक रविवार. धाटावजवळच्या एका वस्तीतल्या विहारात ग्रंथवाचन संपले होते. चहा होईपर्यंत पोरे बाहेर ओट्यावर बसली होती. एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात कंत्राटी हेल्पर असलेला एक तरुण माझ्याजवळ आला आणि मनगट पुढे करून म्हणाला, "ताई, हे बघा ना. काल दिवसभरात तीन हजार शंभर पावले. हे म्हणते, तुमची हालचाल कमी झाली. मी आळशी झालोय का?"

मी विचारले, काल काय काम केलेस? त्याने सांगितले : फर्स्ट शिफ्ट. रिॲक्टरच्या तीन मजल्यांवर चढ-उतार, पोती रिकामी करणे, ड्रम सरकवणे. मग शिफ्टमध्ये घड्याळ कुठे होते? "लॉकरमध्ये. आत न्यायला बंदी आहे."

बंदी योग्यच आहे. जिथे पेट घेणारे सॉल्व्हंट हाताळतात, तिथे मोबाइल किंवा साधे बॅटरीवरचे घड्याळ नेणे धोक्याचे असते. एक ठिणगी पुरते. पण त्याचा परिणाम बघा. ज्या आठ तासांत त्या मुलाचे अंग सर्वाधिक झिजले, ते आठ तास त्याच्या घड्याळाच्या हिशेबातच नव्हते. घड्याळाने घर ते गेट आणि गेट ते घर एवढेच मोजले, आणि त्यावरून त्याला आळशी ठरवले. दुःख याचे की त्याने ते खरे मानले.

रोहा-कोलाड रस्त्यावर, कुंडलिकेच्या काठी वसलेल्या धाटावच्या औद्योगिक पट्ट्यात आज अशी घड्याळे हातोहाती दिसतात. दीड-दोन हजारांत मिळतात. भीमजयंतीला, दिवाळीच्या बोनसमध्ये, बहिणीच्या पहिल्या पगारात ती घेतली जातात. आपल्या तरुणांना स्वतःच्या तब्येतीचे कुतूहल वाटते, ही चांगली गोष्ट आहे. म्हणून हा लेख घड्याळाच्या विरोधात नाही. ते काय मोजते, काय मोजत नाही, आणि त्याचा उपयोग आपण कसा करायचा, एवढे समजून घेण्यासाठी आहे.

आकडा तयार कसा होतो?

घड्याळात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, हालचाल ओळखणारा छोटा सेन्सर. चालताना हात मागे-पुढे हलतो, त्या हेलकाव्यावरून घड्याळ पावलांचा अंदाज बांधते. म्हणजे ते पाय मोजत नाही, हात मोजते. म्हणूनच डोक्यावर हंडा धरून विहिरीवरून येणाऱ्या बाईची, किंवा दोन्ही हातांनी ट्रॉली ढकलणाऱ्या कामगाराची पावले कमी भरतात, कारण हात स्थिर असतो. उलट, खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटारसायकलने आलेल्याच्या खात्यात न चाललेली पावलेही जमा होऊ शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त वाढते आणि ओसरते, त्याप्रमाणे परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. त्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. ऑक्सिजनसाठी याच पद्धतीने लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वापरतात. पट्टा सैल असेल, हात घामाने भिजला असेल, जोराची हालचाल चालू असेल, तर हे मोजमाप चुकते.

बाकीचे बरेच आकडे, म्हणजे कॅलरी, झोपेचे टप्पे, ताण, 'फिटनेस वय', हे थेट मोजलेले नसतात. पावले, नाडी, वय आणि वजन यांवरून सूत्राने काढलेले अंदाज असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये ६० जणांवर सात उपकरणे तपासली गेली. सातपैकी सहा उपकरणांची नाडी मोजण्यातली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले, आणि सर्वांत वाईट उपकरण ९३ टक्के. तेव्हा "आज चारशे कॅलरी जाळल्या" म्हणून दोन वडापाव जास्त खाण्यात अर्थ नाही.

सोप्या भाषेत प्रतवारी अशी लावता येईल. बसलेले असतानाची नाडी : बऱ्यापैकी विश्वासार्ह. पावले : एकाच माणसाच्या आज आणि उद्याच्या तुलनेसाठी ठीक. एकूण झोपेचे तास : अंदाजे. कॅलरी आणि झोपेचे टप्पे : फार मनावर घेऊ नका. रक्तदाब : दंडाला पट्टा न बांधता, साध्या स्वस्त घड्याळाने दाखवलेल्या आकड्यावरून औषध सुरू करू नका, बंदही करू नका. आणि रक्तातली साखर : सुई न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने अशा आकड्यावर भरवसा ठेवला, तर जिवावर बेतू शकते.

यंत्रालाही रंग दिसतो

आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राच्या मोजमापात त्वचेचा रंग आड येतो. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्के, म्हणजे फारशी चिंता नाही असा दाखवला होता, तेव्हा धमनीतले रक्त तपासले तर काही रुग्णांत तो प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली होता. गोऱ्या रुग्णांत असे ३.६ टक्के वेळा आढळले, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. जवळपास तिप्पट फरक. हा अभ्यास कोविडच्या काळात आला. याच आकड्यावर कोणाला खाट द्यायची आणि कोणाला घरी पाठवायचे, हे ठरत होते.

कोणी मुद्दाम कट केला, असे म्हणायचे कारण नाही. यंत्र तपासताना कोणाचे हात घेतले आणि कोणाचे घेतले नाहीत, एवढा साधा हा प्रश्न आहे. समाजशास्त्र शिकताना आम्हाला शिकवले जाई की मोजपट्टी कोण तयार करतो हे आधी विचारा. उन्हात राबून रापलेल्या मनगटावर घड्याळ ९८ दाखवत असेल आणि दम मात्र लागत असेल, तर आपल्या दमावर विश्वास ठेवायचा, घड्याळावर नाही.

दहा हजार पावले कुठून आली?

बऱ्याच घड्याळांत दहा हजारांचे लक्ष्य आधीच भरलेले असते. ते वैद्यकीय संशोधनातून आलेले नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा लक्षात राहणारा होता, म्हणून जगभर रुजला.

मग किती चालावे? अमेरिकेत वयस्कर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला पावलांत नाही, मिनिटांत आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग. घड्याळ असेल तर २२० मधून वय वजा करा. जो आकडा येईल त्याच्या ५० ते ७० टक्के नाडी. पस्तिशीच्या माणसासाठी साधारण ९३ ते १३०.

आता आपल्या हेल्पर मित्राचा प्रश्न. कारखान्यात आठ तास राबल्यावर वेगळा व्यायाम कशाला? इथे शास्त्राचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. २०१८ मध्ये सुमारे १ लाख ९३ हजार लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात कष्टाचे शारीरिक काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका, हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त आढळला. मोकळ्या वेळातला व्यायाम आयुष्य वाढवतो, मग कामातले कष्ट का वाढवत नाहीत? संशोधकांचे म्हणणे असे : व्यायामात आपण वेग ठरवतो, दमलो की थांबतो, नंतर विश्रांती घेतो. कामात वेग दुसरा कोणी ठरवतो, एकच अवघड हालचाल तासन्‌तास करावी लागते, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो आणि अंग भरून यायला वेळच मिळत नाही. या निष्कर्षावर संशोधकांत अजून वाद आहेत. गरिबी, धूम्रपान, आहार यांचा वाटा वेगळा काढणे सोपे नसते. पण कष्टकऱ्याला त्यातला मुद्दा पटकन पटेल. घाम दोन्हीकडे येतो, मालकी वेगळी असते.

म्हणून कष्टाचे काम करणाऱ्याने शिफ्टनंतर पावलांचा आकडा भरण्यासाठी आणखी पाच हजार पावले रेटू नयेत. त्याला गरज असते ती पाठ-खांदे मोकळे करणाऱ्या ताणांची, सुटीच्या दिवशी मोकळ्या हवेत चालण्याची आणि पुरेशा झोपेची. पॅनेलसमोर किंवा ऑफिसात बसून काम करणाऱ्याने मात्र जरूर चालावे. एकाच वस्तीतल्या दोन भावांचे लक्ष्य वेगळे असू शकते.

नाईट शिफ्ट आणि मध्यरात्रीचा हिशेब

घड्याळाचा दिवस रात्री बारा वाजता संपतो. नाईट शिफ्टवाल्याचा दिवस तेव्हा अर्ध्यावर असतो. त्यामुळे त्याचे एकाच रात्रीचे काम दोन दिवसांत विभागले जाते, दिवसा घेतलेली झोप कधी 'डुलकी' म्हणून नोंदते, कधी नोंदतच नाही, आणि सकाळी अॅप त्याला 'आज झोप शून्य' असे सांगून घाबरवते. ही यंत्रे दहा ते सहा काम करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत.

पण नाईट शिफ्टचा धोका खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' या गटात ठेवले आहे. २०१९ मध्ये पुन्हा तपासणी करून तेच मत कायम केले. त्यामुळे शिफ्ट बदलत राहणाऱ्यांनी घड्याळाचा एवढाच उपयोग करावा : रोजचे गुण बघू नयेत, आठवड्यातले एकूण झोपेचे तास बघावेत, आणि उठल्यावर अंथरुणातच असतानाची नाडी वहीत लिहावी. आठवडाभर ही नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त येत असेल, तर अंग थकले आहे किंवा आजारपण येते आहे, असा अर्थ असू शकतो. सलग डबल ड्युटी लागली की हा आकडा कसा चढतो, ते स्वतःच बघा. ठेकेदाराशी बोलताना नुसते 'थकलो' म्हणण्यापेक्षा अशी वही जास्त बोलकी ठरते.

बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळातल्या प्रयत्नांतून, १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्या सहा तासांची विश्रांती हे आरोग्याचेच धोरण होते. ओव्हरटाइमच्या नादात ते तास आपणच परत देऊन टाकतो का, याचा विचार करायला हवा. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने ग्रासले होते. अपार कामापुढे त्यांनी देहाची पर्वा केली नाही आणि वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या कामाच्या तासांचे आपण कौतुक करतो. त्यांच्या आजारातून मात्र फारसे शिकत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. ही गोष्ट परक्याची राहिलेली नाही.

घड्याळ हवा मोजत नाही

धाटावसारख्या ठिकाणी तब्येतीचा सर्वांत मोठा प्रश्न चालण्याचा नाही. हवा, पाणी, वाफा, आवाज आणि उष्णता यांचा आहे. यातले जवळपास काहीच मनगटावर उमटत नाही. छातीत जळजळ, रात्रीचा खोकला, डोळ्यांची आग, हातावरचे चट्टे यांसाठी घड्याळात खिडकी नाही. ऑक्सिजन ९८ असतानाही श्वासनलिका आजारी असू शकते. फुप्फुसांची ताकद कळते ती नळीत फुंकर मारून करायच्या स्पायरोमेट्री तपासणीत.

इथे तंत्रज्ञानापेक्षा कायदा जास्त कामाचा आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, १९४८ च्या कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी नवे कलम आले. अशा कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, काम चालू असताना दर बारा महिन्यांच्या आत तपासणी, काम सोडल्यावरही तपासणी, आणि कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ठेवून त्या त्याला पाहू देणे, ही जबाबदारी कारखान्याची ठरली. २०२० च्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अशी तरतूद आहे. माझ्या ओळखीतली किती पोरे वर्षाच्या तपासणीला रांगेत उभी राहतात, सही करतात आणि अहवाल न बघताच परत येतात! कंत्राटी असलो तरी हा अहवाल मागा. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघा. आरोग्याची खरी नोंद ती आहे. पगार दरमहा २१ हजारांपर्यंत असेल आणि कारखान्याला कर्मचारी राज्य विमा लागू असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. त्या पैशाचे कार्ड आपल्याकडे आहे का, हेही तपासा.

घड्याळ कोणाचे?

स्वतः हौसेने बांधलेले घड्याळ आणि मालकाने बांधलेले घड्याळ यांत फार अंतर आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंडीगडसारख्या शहरांतही तेच झाले. कामगार ठरलेल्या हद्दीत आहे का, किती वेळ थांबला, हे दूरच्या पडद्यावर दिसू लागले आणि हजेरी त्याला जोडली गेली. बॅटरी उतरली तरी पगार कापला जातो, घड्याळ सांभाळण्याचा ताण येतो, स्वच्छतागृहात जातानाही कोणी बघत असल्यासारखे वाटते, अशा तक्रारी सफाई कामगारांनी केल्या. चंडीगडमध्ये आंदोलने झाली. हे कामगार कोणत्या समाजांतून येतात, ते या वाचकांना सांगायला नको. त्या घड्याळाने त्यांची जागा मोजली. गटारातला वायू, हातमोज्यांचा अभाव, पाठीचे दुखणे मोजले नाही.

उद्या एखाद्या कारखान्याने 'तुमच्या सुरक्षेसाठी' म्हणून घड्याळ दिले, तर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. काय मोजणार? ती माहिती कोण बघणार? किती दिवस ठेवणार? तिच्या आधारे पगार किंवा काम जाणार का? उष्णतेने भोवळ येण्याआधी सूचना देणारे यंत्र उपयोगी ठरू शकते, पण त्या सूचनेनंतर सावलीत बसण्याची मुभा मिळणार असेल तरच.

स्वतःच्या घड्याळाबाबतही सावध राहा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्रावा या व्यायामाच्या अॅपने जगाचा नकाशा प्रसिद्ध केला आणि २०१८ च्या जानेवारीत सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळ उघडे पडले. सैन्याचे लपले नाही, तर कार्यकर्त्याचे काय? आपण कुठल्या वेळी कुठून निघतो, कोणाच्या घरी थांबतो, हे अॅपला ठाऊक असते. प्रोफाइल खासगी ठेवा. गरज नसेल तर लोकेशन, संपर्कयादी आणि मायक्रोफोनची परवानगी देऊ नका. मोर्चाला जाताना मार्गाची नोंद बंद ठेवा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे; तो वापरायचा असतो, हे लक्षात ठेवा.

राजाचा सुदर्शन आणि सोणाची वीणा

आठवण करून देणारी सोय नवी नाही. पाली साहित्यात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. जेवणात मात्रा जाणणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणण्यासाठी शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार आटोपशीर झाला, अंग हलके झाले. आपल्या मनगटावर थरथरणारे घड्याळ हा आजचा सुदर्शन. पण जेवणे कमी केले ते राजाने. सुदर्शनाने फक्त आठवण दिली.

दुसरी गोष्ट सोणाची. साधनेच्या भरात तो पाय रक्ताळेपर्यंत चालत राहिला. बुद्धांनी त्याला वीणेची आठवण दिली : तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. रात्री साडेअकराला लक्ष्य भरण्यासाठी खोलीत गोल गोल फिरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. भिक्खूंच्या चंक्रमणाचे जे पाच लाभ सांगितले आहेत, त्यांत आजार कमी होणे आणि अन्न नीट पचणे हेही आहेत. तिथे पावलांची संख्या सांगितलेली नाही.

विहारातला गट

नुसते यंत्र माणसाला बदलत नाही. अमेरिकेत ४७१ तरुण-तरुणींवर दोन वर्षे चाललेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचे मार्गदर्शन सर्वांनाच होते. अर्ध्यांना सहा महिन्यांनंतर शरीरावर बांधायचे उपकरणही दिले. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने कमी झाले होते, बाकीच्यांचे ५.९ किलोने. आकडा बघितला की काम झाल्यासारखे वाटते, हे त्यामागचे एक कारण असू शकते. सोबत असेल तर माणूस टिकतो.

म्हणून माझी सूचना अशी. एका चांगल्या घड्याळाच्या किमतीत दंडाला बांधायचे रक्तदाब यंत्र आणि शिंप्याची मोजपट्टी येते. ती विहारात ठेवा. महिन्यातल्या एका पौर्णिमेला, वंदनेनंतर, प्रत्येकाचा रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजा. घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर साखर तपासून घ्यावी. प्रत्येकाची वही वेगळी, ज्याची त्याने घरी न्यायची. कोणाचा आकडा भिंतीवर किंवा ग्रुपवर टाकायचा नाही. आशाताईंना बोलवा. ज्यांच्याकडे घड्याळ आहे त्यांनी ते जरूर वापरावे, पण पावलांची स्पर्धा लावू नये. तिच्यात हंडा वाहणारी आई आणि घड्याळ लॉकरमध्ये ठेवणारा मुलगा नेहमीच हरणार. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस मिळून अर्धा तास चाला. त्यात बायकांसाठी सोयीची वेळ आधी ठरवा, मग पुरुषांची.

आणि एवढे पाठ करा. घड्याळाने नाडी अनियमित असल्याचे वारंवार सांगितले, तर घाबरू नका, पण डॉक्टरकडून ईसीजी काढून घ्या. चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात अशी सूचना हजारातल्या पाचेक जणांनाच आली, आणि ज्यांनी पुढे पट्टी लावून तपासणी केली त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश लोकांत तो दोष सापडला. शांत बसलेले असताना नाडी सतत शंभराच्या वर असेल, तरी दाखवा. छातीत दाब, डाव्या हातात कळ, एकाएकी घाम, वाफा नाकात गेल्यावर दम : यांत घड्याळ काय म्हणते ते बघत बसू नका. १०८ ला फोन करा.

त्या तरुणाला मी त्या दिवशी एक दोनशे पानी वही दिली. म्हटले, घड्याळात जे येत नाही ते यात लिही : कोणती शिफ्ट, किती तास, कोणत्या प्लांटमध्ये, खोकला आला का, झोप किती. महिन्याने तो आला, तेव्हा वहीची नऊ पाने भरली होती. खोकल्याचे दिवस आणि एका विशिष्ट प्लांटवर लागलेली ड्युटी जुळत होती. ती वही घेऊन तो डॉक्टरकडे गेला आणि वार्षिक तपासणीचा अहवालही त्याने मागितला. अहवाल अजून हातात आलेला नाही. तो मागणे थांबवणार नाही, असे म्हणतो.

घड्याळ त्याच्या मनगटावर अजून आहे. मात्र आळशी आहे का, हे तो आता त्याला विचारत नाही.

जय भीम!